मंद्रूपहून कोहिम्याला, माती आणायला

कोहिमा, दवाखाना

एका गृहस्थाने माझ्या मांडीवर मडकं ठेवलं. लहानच होतं, विरजण लावायला घेतो तेवढं. तोंडाला लाल फडकं बांधलेलं. तो हात जोडून हिंदीत म्हणाला, "माताजी, सगळं विधीप्रमाणे केलं. काही कमी पडू दिलं नाही."

मला वाटलं कुठला तरी प्रसाद आहे. मी दोन दिवसांनी शुद्धीवर आले होते. डोकं ठणकत होतं आणि तोंडाला धुराची चव होती. मी फडक्याची गाठ सोडायला लागले, तशी शोभाने माझा हात धरला. शोभा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. तिच्या हाताला सलाइनची सुई तशीच होती.

"मावशी, नको उघडू. अव्वा हाय त्यात."

"कुठली अव्वा?"

"माझी अव्वा."

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस मेला की जाळत नाहीत. त्याला अंघोळ घालतात, भस्म लावतात, बसवतात, आणि बसलेलंच खड्ड्यात उतरवतात. जन्मभर गळ्यात घातलेलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. मग माती देतात. अस्थी गोळा करणं, नदीत सोडणं हे आमच्यात नाही. ब्याऐंशी वर्षांत मी कुणाची राख हातात घेतली नव्हती. आणि माझ्या बहिणीला, शोभाच्या अव्वाला, जाळून, तिची हाडं वेचून, धुऊन, मडक्यात भरून त्या माणसाने माझ्या मांडीवर ठेवली होती. तो भला माणूस होता. मी दोन शब्द चांगले बोलेन म्हणून उभा होता.

मी विचारलं, "जाळायला कुणी सांगितलं?"

त्याला मराठी कळलं नाही. शोभाला कळलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मी."

मंद्रूप

आता सुरुवातीपासून सांगते.

आमचे वडील मल्लाप्पा. मंद्रूपला दुसऱ्याच्या शेतात बैल हाकायचे. महायुद्ध चालू होतं तेव्हा सोलापुरात भरती निघाली. ज्याला जनावर हाकता येतं त्याला खेचरांच्या कंपनीत घेत होते. वडील गेले. बंदूक चालवायला गेले नव्हते, खेचरांवर दाणागोटा लादून डोंगर चढायला गेले होते. तेव्हा अक्का, माझी थोरली बहीण, चार वर्षांची होती आणि मी आईच्या पोटात होते. अक्काला वडिलांची एकच आठवण. त्यांनी तिला गव्हाणीत बसवलं होतं आणि बैल तिचं डोकं चाटत होता. मला तेवढीही नाही.

मग एक कागद आला. शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवला. कोहिमा म्हणून गाव आहे, तिथल्या लढाईत कामी आले. आईने एकच विचारलं, "माती दिली का?" मास्तर म्हणाले, लढाईतल्या माणसांसाठी लष्कर तिथं जागा करणार आहे, तिथं ठेवलं असेल. मास्तरांचं ते "असेल" आईने गाळलं आणि बाकीचं जन्मभर धरून ठेवलं. मरताना सांगून गेली, माझ्या उजव्या अंगाला जागा सोडा. भावकीच्या शेताच्या कडेला तिला बसवली. उजवीकडची जागा अजून मोकळी आहे. शेत आता चुलत भावाच्या मुलांकडे आहे. त्यांनी बाकी सगळं नांगरलं, तेवढं सोडलं.

वडिलांच्या कबरीतली मूठभर माती आणायची आणि त्या जागेत पुरायची, हे अक्काच्या डोक्यात होतं. वर्षानुवर्षं बोलत होती. आम्ही ऐकून सोडून देत होतो. मग शोभा बँकेतून निवृत्त झाली आणि तिने संगणकावर नाव शोधून काढलं. मल्लाप्पा, खेचरांची कंपनी, गाव मंद्रूप, कोहिमा युद्ध स्मशानभूमी. उड्या मारतच घरी आली. नावाखाली आणखी एक ओळ होती. ती तिने वाचली नाही.

मी जाऊ नका म्हणत होते. मी म्हटलं, "इतक्या वर्षांत बापाने आपली चौकशी केली न्हाय. आपण कशाला जायचं?"

अक्का म्हणाली, "मेल्यालं माणूस चौकशी करतंय व्हय गं, तंगी?" तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मी ब्याऐंशीची झाले तरी तिची तंगीच.

"शहाऐंशी वय झालं तुझं. जिना चढताना दोनदा बसतीस. डोंगर कसा चढणार?"

"बसत बसत चढीन. बसायला डोंगरावर जागा कमी हाय का?"

मी गेले ती अक्काला एकटी सोडवेना म्हणून. मला माती नको होती. हे आता लिहायला लाज वाटत नाही.

कोहिमा, पहिले दोन दिवस

सोलापूर ते दिमापूर या प्रवासात सांगण्यासारखं एवढंच की तो संपत नाही आणि अक्काचे पाय सुजले. दिमापूरला रेल्वे सोडायची आणि गाडी करून डोंगर चढायचा. त्या राज्यात शिरायला परवाना लागतो. तो आधीच काढून ठेवा. शोभाने काढला होता.

कोहिमा हे डोंगराच्या पाठीवर बसलेलं गाव आहे. घरं एकाच्या डोक्यावर एक. सपाट जागा म्हणून दिसत नाही. मी सोलापूरची, क्षितिजापर्यंत ज्वारी बघणारी. मला पहिल्या दिवशी कशाला तरी धरून उभं राहावंसं वाटत होतं. आणि थंडी. आमच्याकडे संक्रांतीला गारठा पडतो त्याला आम्ही थंडी म्हणतो, तसलं हे नव्हे. हे हाडात शिरतं आणि दुपारी बाहेर येत नाही. अक्काने इरकलीवर जावयाचा जुना स्वेटर घातला होता, पायात दोन जोड मोजे आणि वर चपला. गाडीवाला हसू दाबत होता. तिने त्याला मराठीत सांगितलं, "हसून घे बाबा. माझ्या गावाला उन्हाळ्यात ये, मग मी हसते." त्याला कळलं नसणार, पण तो मोठ्याने हसला.

ज्या घरात उतरलो त्या बाईचं नाव नेइनुओ. पन्नाशीची, अंगाने काटक, खालच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. हिंदी बोलते, आमच्या हिंदीइतकीच वाईट, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. मला भीती होती ती जेवणाची. तिथं सगळे मांस खातात, काय काय खातात ते घरून ऐकून आले होते, आणि आम्ही अंडंसुद्धा खात नाही. मी पहिल्याच दिवशी चुलीपाशी जाऊन उभी राहिले आणि भांड्यात डोकावले. नेइनुओ रागावली नाही. तिने एक वेगळं पातेलं काढलं, आमच्यासमोर घासलं, आणि आमच्यापुरतं ठेवलं. भात, उकडलेली पालेभाजी, भोपळ्यासारखं एक फळ, आणि आंबवलेल्या सोयाबीनची चटणी. त्या चटणीला वास येतो तो सांगण्यासारखा नाही. चव मात्र बरी असते.

अक्काने सोलापूरहून शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेली होती. तिने नेइनुओला चटणी दिली आणि तोंडाकडे बघत बसली, की आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. नेइनुओने चमचाभर खाल्ली, मान डोलावली, आणि आतून एक लाल, सुरकुतलेली मिरची आणून अक्कासमोर ठेवली. अक्काने टोक तोडून खाल्लं. नंतर अर्धा तास ती पाणी पीत राहिली. मग म्हणाली, "ही मिरची न्हाय. ही शिक्षा हाय."

त्या घराच्या अंगणात, दारापासून चार पावलांवर, दगडी चौथरा आहे. मला बसायला केलाय असं वाटलं. मी बसले. नेइनुओ हळूच म्हणाली, "आजी, ते माझे आजोबा आहेत." मी उठले. तिच्या लोकांत माणसाला घराजवळच पुरतात, अंगणात पुरतात. लढाई आली तेव्हा हे आजोबा तरुण होते. जपानी एका बाजूने, इंग्रज दुसऱ्या बाजूने, मधे यांचं गाव. गाव जळलं. हे लोक रानात पळाले आणि परत आले तेव्हा घर कुठं होतं ते जोत्यावरून ओळखावं लागलं.

अक्काला तो चौथरा फार आवडला. तिने त्यावर बोटाने भस्म लावलं. नेइनुओ ख्रिस्ती आहे, पण तिने ते पुसलं नाही. अक्का मला म्हणाली, "बघ, हितले लोक आपल्यावाणी पुरतात. अप्पा चांगल्या ठिकाणी पडलाय."

वाचणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात घ्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती याच समजुतीत होती आणि मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती.

टेकडी

स्मशानभूमी गावाच्या मधोमध आहे. खाली रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट, आणि वर पायऱ्यापायऱ्यांची हिरवी टेकडी. अशी नीट ठेवलेली जागा मी कुठं बघितली नाही. गवत एका उंचीचं कापलेलं. दगडांच्या लहान लहान ओळी, दगडावर धातूची पट्टी, पट्टीवर नाव. दोन दगडांच्या मधे फुलझाड. आमच्या रुद्रभूमीत, म्हणजे आम्ही माणसं पुरतो तिथं, बाभळी आणि प्लास्टिक आहे. मला आमची लाज वाटली.

तिथं काम करणारे एक म्हातारे गृहस्थ भेटले. झाडं कापायची मोठी कात्री घेऊन ओळीतून चालले होते. नेपाळी, जन्म तिथलाच, हिंदी चांगली. अक्का पायरीवर बसली होती. तिला बघून ते थांबले. कुणाला भेटायला आलात, म्हणून विचारलं. "भेटायला" हा शब्द अक्काला आवडला.

त्यांनी सगळी जागा सांगितली. इथं तेव्हा साहेबाचा बंगला होता. बंगल्याच्या मागे साहेब लोकांचं चेंडू खेळायचं मैदान. लढाई शेवटी त्या मैदानावर आली. एका कडेला हे, दुसऱ्या कडेला ते, आणि मधे चेंडू टाकण्याइतकं अंतर. कित्येक दिवस. बंगल्याचं काही उरलं नाही. मैदानाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या राखून ठेवल्यात, दगडाच्या. मी त्या रेघांवर उभी राहिले. आमच्या अंगणाएवढी जागा. एवढ्यासाठी, असं मनात आलं, पण लढाया अशाच असतात. भाऊबंद बांधावरून डोकी फोडतात तो बांध तरी कुठं मोठा असतो.

ते म्हणाले, लढाई चालू असताना माणसं पडली तिथंच खड्ड्यात घातली. पाऊस, चिखल, वरून गोळे. खूण म्हणून लाकडाचा तुकडा, कधी बाटलीत चिठ्ठी. लढाई संपल्यावर सगळ्या डोंगरांतून हाडं शोधून इथं आणली आणि ओळीत लावली. ज्यांचं नाव कळलं नाही त्यांच्या दगडावर नाव नाही. आधी लाकडी खुणा होत्या, मग दगड आले. त्यांचे वडील दगड बसवणाऱ्यांत होते.

शोभा दाराजवळच्या पेटीतली वही बघून आली. इथं नावांची वही ठेवलेली असते, कुणीही उघडून बघावं. तिचा चेहरा मला दिसला आणि मला कळलं की काही तरी बिनसलं.

"नाव हाय का?" अक्काने विचारलं.

"हाय, अव्वा. नाव हाय. तुझ्या अव्वाचं पण हाय. मंद्रूपच्या शिवम्माचा नवरा, असं लिहिलंय."

"मग चल की. कुठली ओळ?"

शोभाने वहीतलं कागदावर उतरवून आणलं होतं. मग त्या म्हाताऱ्यांनी तिच्या हातातला कागद घेतला, बघितला, आणि टेकडीच्या अगदी वरच्या टोकाकडे हात केला. "ते वर. भिंतीवर."

अक्काला वर न्यायला एक तास लागला. खाली इंग्रजांच्या ओळी, मुसलमान शिपायांच्याही कबरी, आणि सगळ्यांच्या वर एक दगडी बांधकाम, त्यावर नावंच नावं. हिंदू आणि शीख. त्यांच्या कबरी नाहीत. त्यांना जाळलं. नावं भिंतीवर आहेत. घरी शोभाने न वाचलेली ओळ तीच होती. शोभाने बोट ठेवून नाव दाखवलं. अक्काने त्यावरून बोट फिरवलं. तिला इंग्रजी येत नाही, मलाही नाही. चौथीपर्यंत शिकले मी, अक्का दुसरीपर्यंत.

ती म्हाताऱ्यांना म्हणाली, "आमच्यात जाळत न्हाईत."

शोभाने हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, "कागदावर हिंदू असेल, बहेनजी. हिंदू लिहिलं की जाळायचं, मुसलमान लिहिलं की पुरायचं. लढाईत कोण कुणाला विचारतो?"

"कुणी लिहिलं हिंदू?"

"भरती करताना विचारतात. ज्याचं त्यानेच सांगितलं असणार."

हे खरं असणार. माझ्या दाखल्यावर हिंदू लिंगायत आहे. आम्ही हिंदू की वेगळे, यावर पुढारी भांडतात, त्यांचं ते बघून घेतील. पण कारकुनाच्या रकान्यात एकच शब्द मावत असेल तर आमचा माणूस हिंदूच सांगतो. मंद्रूपला तसं सांगितल्याने काही बिघडत नाही. माणूस मेला की सांगावं लागत नाही, शेजारी कुदळ घेऊनच येतात. परमुलखात शेजारी नसतात. तिथं तो एक शब्दच असतो.

अक्काने विचारलं, "मग राख कुठं टाकली?"

म्हातारे म्हणाले, "कुणाला माहीत नाही."

पाऊस सुरू झाला होता. बारीक, थंडगार. मी अक्काला म्हटलं, "भिंतीपायची मूठभर माती घे आणि चल. सगळी माती सारखीच. आईला काय कळतंय?"

"आईला न्हाय कळत. मला कळतंय की."

तिने माती घेतली नाही. सोलापूरहून आणलेली पितळी डबी तशीच रिकामी पिशवीत ठेवली. उतरताना ती पायऱ्यांवर एकदाही बसली नाही.

खोली

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. तिघींची लुगडी गुडघ्यापर्यंत ओली. अक्काचे दात वाजत होते. मी नेइनुओकडे कोळशाची शेगडी मागितली. ती नको म्हणाली. शेगडी बाहेरच्या स्वयंपाकघरातच असते, तिथंच येऊन बसा म्हणाली. अक्का उठेना. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पुन्हा मागितली, जरा आवाज चढवूनच मागितली. नेइनुओने शेगडी आणून दिली आणि तीनदा सांगितलं, खिडकी उघडी ठेवा. हाताने उघडून दाखवली. मग ती दुकानाला गेली.

खिडकी मी लावली. फळीत फट होती, तिथं टॉवेल मी कोंबला. दाराखाली पिशवी मी सरकवली. आम्ही सोलापूरचे. आमची घरं उन्हासाठी बांधलेली, भोकाभोकांची, चूल पेटली की धूर वाट शोधत निघून जातो. बंद खोलीतला विस्तव माणूस मारतो हे मला ब्याऐंशी वर्षांत कधी शिकावं लागलं नव्हतं. तिथल्या लहान पोरांना ठाऊक असतं. मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, कारण अक्काला थंडी वाजत होती आणि मला वाटलं, इथल्या लोकांना थंडीची सवय आहे, म्हणून हिला कळत नाही.

शेगडी अक्काच्या उशापाशी ठेवली. शोभा दाराजवळ अंथरुणावर आडवी झाली, मी तिच्याशेजारी.

अक्का एवढंच बोलली, "तंगी, आई इतकी वर्सं कुणाची वाट बघत बसली गं?"

मी म्हटलं, "झोप आता."

हे मी तिच्याशी बोललेलं शेवटचं.

पुन्हा दवाखाना

पुढचं मला शोभाने आणि नेइनुओने सांगितलं. नेइनुओ अंधार पडायच्या आत परतली. खिडकी बंद दिसली. तिने आवाज न देता खांद्याने दार फोडलं आणि तिघींना पाय धरून अंगणात ओढलं, एकेक करून, त्या चौथऱ्यापाशी. अक्का तेव्हाच गेली होती. शोभाला दुसऱ्या दिवशी शुद्ध आली, मला तिसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी पोलिसांचं आणि डॉक्टरांचं झाल्यावर प्रश्न आला की मयताचं काय करायचं. दवाखान्यातल्या बाईने शोभाला धर्म विचारला. शोभा म्हणते, मला उलट्या होत होत्या, दोन-दोन माणसं दिसत होती, मला भीती वाटली की हे ख्रिस्ती लोक अव्वाला त्यांच्या पद्धतीने पुरतील, क्रूस लावतील. म्हणून तिने जोर देऊन सांगितलं, हिंदू. लिहून घ्या, हिंदू. त्यांनी लिहून घेतलं आणि गावातल्या हिंदू दुकानदारांच्या मंडळाला कळवलं. ते लोक धावत आले. लाकडं त्यांनी आणली, तूप त्यांनी आणलं, ब्राह्मण त्यांनी आणला. नेइनुओ म्हणाली होती, आजीने माझ्या आजोबांना भस्म लावलं, तिला माझ्या अंगणात पुरा, मी जागा देते. मंडळाच्या लोकांनी तिला समजावलं की हिंदूंत तसं नसतं. शोभाने कागदावर सही केली.

मी तिला दवाखान्यात दोन शब्द बोलले, ते इथं लिहीत नाही. ती म्हणाली, "मावशी, खिडकी कुणी लावली?"

 त्यावर आम्ही दोघी अजूनही बोलत नाही.

दवाखान्याने अक्काच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या. चष्मा, चार बांगड्या, आणि चांदीच्या डबीतलं लिंग. जळण्याआधी गळ्यातलं सगळं काढतात, तसं त्यांनी काढलं. आमच्यात ते देहाबरोबर जायला पाहिजे. ते माझ्या हातात होतं आणि देह मडक्यात होता.

त्या मंडळाच्या गृहस्थांचं चुकलं असं मी म्हणत नाही. परक्या म्हातारीसाठी कुणी एवढं करत नाही. निघताना मी त्यांना नमस्कार केला. आभार मानायला तोंड उघडलं नाही.

मंद्रूप, परत

अक्काच्या सासरच्या लोकांनी तिला नवऱ्याशेजारी जागा दिली नाही. वाईट बोलले नाहीत. म्हणाले, आमच्या रुद्रभूमीत आजवर राख पुरलेली नाही, कशी पुरायची ते ठाऊक नाही. शोभा भांडली. मी भांडले नाही. मलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी आईच्या उजव्या अंगाला खड्डा घेतला. किती खोल घ्यायचा ते पोरांना कळेना. बसलेल्या माणसाचा खड्डा त्यांना सवयीने येतो, मडक्याचा येत नाही. एकाने कंबरभर खणला आणि म्हणाला, "आजी, एवढा कशाला?" मी म्हटलं, "खण."

स्वामी आले. माती देण्याआधी ते मेलेल्याच्या डोक्यावर पाय ठेवतात, मग त्याची सुटका होते, असं आम्ही मानतो. त्यांनी खाली बघितलं. मडकं, त्याच्याशेजारी चांदीची डबी, बेलाची पानं. मला म्हणाले, "आजी, पाय कुठं ठेवू?"

 त्यांनी पाय मडक्याच्या वर, चार बोटं अंतरावर, थोडा वेळ धरला आणि काढून घेतला. पोरांनी माती लोटली.

शोभा म्हणते, अप्पांची जागा रिकामी राहिली नाही. मला ते पटत नाही. अप्पाला जागा मिळाली नाही आणि आता जागाही उरली नाही. आई अजून एकटीच आहे असं मला वाटतं, आणि अक्का कुठंच नाही.

ज्यांना कोहिम्याला जायचं आहे त्यांनी जावं. टेकडी बघण्यासारखी आहे, लोक चांगले आहेत. लोकरीचे मोजे न्या. खोलीत विस्तव घेऊ नका. आणि तुमच्यात माणसाला पुरतात की जाळतात, ते आपल्या भाषेत आणि हिंदीत एका कागदावर लिहून खिशात ठेवा. मी ठेवलाय. सोलापुरात भाजी आणायला जातानासुद्धा असतो.

त्या खोलीत आम्ही तिघी होतो. शोभा जगली आणि मी जगले.